आकाशांतील अरुंद वाट

मर्यादा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा वरची रेघ उभी राहते. याहून अधिक खर्च करूं नये, याहून अधिक जागरण करूं नये, असें वडील मंडळी सांगतात, तें या वरच्या रेघेविषयीं असतें. खालच्या रेघेचा विचार आपण क्वचितच करतों. परंतु तंबोऱ्याची तार घ्या. ती सैल सोडली तर बोलत नाहीं, आणि अति पिळली तर तुटते. तिचें बोलणें दोन शिवांच्या मध्यें आहे. ‘मर्यादा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थहि शीव, सीमा असाच आहे. नीतीच्या प्रांतांतील त्याचा अर्थ त्यावरूनच निघाला. आकाशांतून जाणारें विमान हें अशा दोन शिवांमध्यें चालणाऱ्या वस्तूचें फार बोधप्रद उदाहरण आहे, आणि आज त्याविषयींच चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

वाचक विचारतील कीं, विमानाच्या वेगाची चर्चा कुटुंबाच्या मासिकांत कशाला? त्याचें उत्तर बहुतेकांस स्वतःच्या घरींच मिळेल. हल्लीं ज्या घरांत संगणक आहे आणि दहा ते वीस वर्षांचा मुलगा अथवा मुलगी आहे, त्या घरांत विमान चालविण्याची हुबेहूब नक्कल करणारा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ केव्हां ना केव्हां येतोच. आजीला तो खेळ वाटतो, वडिलांना तो अभ्यासाचा शत्रु वाटतो, आणि मुलाला तें प्रत्यक्ष विमानच वाटतें. तिघांच्याहि म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य आहे. तथापि या नकलेचा वंश मोठा प्रतिष्ठित आहे, हें वडिलांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक नांवाचा एक गृहस्थ होता. त्याच्या घराण्याचा धंदा ऑर्गन व आपोआप वाजणारे पियानो तयार करण्याचा. उड्डाण शिकण्यास पैसा फार पडतो हें पाहून त्यानें १९२९ सालीं लाकडाचें एक बुटकें विमान बनविलें आणि त्याच्याखालीं ऑर्गनचे भाते बसविले. आपल्या पेटीचा भाता सूर काढतो. लिंकचे भाते त्या लाकडी विमानाला डावीकडे, उजवीकडे, वर, खालीं डोलवीत. आरंभीं लोकांनीं त्याकडे जत्रेंतील करमणूक म्हणून पाहिलें. पुढें १९३४ सालीं टपाल वाहून नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेंत एकामागून एक मृत्युमुखीं पडूं लागले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. आणि दुसऱ्या महायुद्धांत तर लाखों वैमानिकांचे पहिले धडे त्यांतच गिरविले गेले. घरगुती संगणकावरील उड्डाण १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यानें सुरू केलें, आणि १९८२ सालीं मायक्रोसॉफ्टनें तें आपल्या नांवानें बाजारांत आणलें. आज जें मुलांच्या पुढ्यांत आहे तें त्याचेंच वाढलेलें रूप होय.

या नकली आकाशांत मुलांना विशेष आवडणारीं विमानें म्हणजे ‘रीजनल जेट’ या जातीचीं. पन्नास ते शंभर उतारू घेऊन लहान शहरें मोठ्या शहरांशीं जोडणारीं हीं विमानें होत. आपल्याकडे कोल्हापुरास ब्राझील देशांतील एम्ब्राएर कारखान्याचीं अशीं विमानें येतात, तीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. कॅनडांतील ‘सीआरजे’ हें दुसरें प्रसिद्ध घराणें. त्याचें पहिलें विमान १९९१ च्या मे महिन्यांत उडालें, शेवटचें २०२१ सालीं गिऱ्हाइकाच्या हातीं गेलें, आणि त्याच २०२१ सालीं एरोसॉफ्ट या जर्मन कंपनीनें या घराण्यांतील एक विमान घरगुती सिम्युलेटरसाठीं तयार करून दिलें. पन्नास आसनांचें ‘सीआरजे-२००’ हें विमान आपण उदाहरणास घेऊं. त्याच्या पुस्तकांत कमाल उंची ४१,००० फूट लिहिलेली आहे. कमाल वेग खालच्या हवेंत ३३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारें ६२० किलोमीटर. आणि उंचावर ०.८५ माख, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या शंभरांतील पंचाऐशी भाग.

एकाच विमानाला वेगाच्या दोन निरनिराळ्या मर्यादा कां, हा प्रश्न येथें उद्भवतो, आणि साऱ्या विषयाची किल्ली त्याच्या उत्तरांत आहे. विमानाच्या पुढच्या भागीं एक बारीक नळी असते. समोरून येणाऱ्या हवेचा मार तींत किती बसतो, त्यावरून वेगाचा कांटा फिरतो. यास आपण दर्शित वेग म्हणूं. जमिनीलगत हवा दाट आहे, तेथें दर्शित वेग आणि खरा वेग जवळजवळ एकच. परंतु ४१,००० फुटांवर हवेचा दाटपणा समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनहि किंचित् कमी उरतो. तेथें कांटा दाखवील त्याच्या सुमारें दुप्पट वेगानें विमान प्रत्यक्षांत धांवत असतें. यांत कांटा खोटें बोलतो असें मात्र नव्हे. पंखांना आधार द्यावयाचा तो हवेच्या मारानेंच. आणि तो मार किती आहे हेंच कांटा सांगतो. विमान जमिनीवरून किती झपाट्यानें पुढें सरकत आहे याच्याशीं पंखांना कांहीं कर्तव्य नाहीं.

ही झाली खालची शीव. दर्शित वेग एका मर्यादेखालीं गेला कीं पंखांवरून वाहणारी हवा त्यांना सोडून देते, विमानाचा आधार सुटतो आणि तें खालीं कोसळूं लागतें. यास वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. वरची शीव ध्वनीच्या वेगाची. ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला १५ अंश उष्णता असतां तो ६६१ नॉट असतो. सुमारें ३६,००० फुटांच्या वर, जेथें प्रमाण तपमान शून्याखालीं ५६.५ अंश आहे, तेथें तो ५७३ नॉटांवर येतो. विमान त्याच्या फार जवळ गेलें तर पंखांच्या पाठीवरील हवा ध्वनीला मागें टाकते, आघाताच्या लाटा उठतात आणि विमान थरथरूं लागतें. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या नांवानें हें प्रमाण मोजतात.

आतां दोन्ही शिवा एकत्र ठेवून पाहूं. प्रमाण वातावरण धरून हिशेब केला, तर ४१,००० फुटांवर ०.८५ माख म्हणजे दर्शित वेग सुमारें २५३ नॉट होतो. चढतांना ०.७० माखच्या खालीं उतरूं नये, असा या विमानाच्या वैमानिकांचा परिपाठ. तो त्या उंचीवर सुमारें २०४ नॉट होतो. म्हणजे खालच्या हवेंत जी वाट हमरस्त्यासारखी रुंद होती, ती येथें पन्नास नॉटांची पाऊलवाट झाली. उंची वाढत जाते तसतशी वरची रेघ खालीं येते, आणि इंजिनाचा जोर मात्र सरत जातो. कारण इंजिनहि हवाच पितें, आणि ती हवा पावपट झालेली असते. ४१,००० हा पुस्तकांतील आंकडा ‘येथवर जाण्यास परवानगी आहे’ असें सांगतो. आजच्या वजनानें, आजच्या तपमानांत, आजच्या वेगानें तेथें जातां येईल कीं नाहीं, हें तो आंकडा सांगत नाहीं. त्यासाठीं निराळीं कोष्टकें असतात. ऋणकोला सावकारानें पतीची मर्यादा ठरवून दिली, म्हणून तेवढें कर्ज फेडण्याची ऐपत त्याच्यापाशीं आहेच असें होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

संगणकापुढें बसलेला मुलगा नेमका येथेंच फसतो. तो ऑटोपायलटला दोन गोष्टी सांगतो: ४१,००० फुटांवर जा, आणि मिनिटाला अमुक इतके फूट चढत राहा. मग तो जेवावयास उठतो. हा ऑटोपायलट म्हणजे मोठा आज्ञाधारक नोकर आहे, परंतु त्याला तारतम्य नाहीं. सीआरजे विमानांत इंजिनाचा जोर आपोआप कमीअधिक करणारी सोय नाहीं. तें काम वैमानिकाच्या हातचें. खालच्या हवेंत इंजिन सशक्त असतें तोंवर सर्व सुरळीत चालतें. वर गेल्यावर जोर पुरेनासा होतो. तरी नोकराला तर चढण्याचा दर राखावयाचा आहे. म्हणून तो विमानाचें नाक थोडें वर करतो. त्यासरशी वेग घटतो. वेग घटल्यावर तोच दर राखण्यास नाक आणखी वर करावें लागतें, त्यामुळें हवेचा अडथळा वाढतो आणि वेग आणखीच घटतो. ऋण काढून सण करणें म्हणतात तें हेंच. येथें उंची हा सण आणि वेग हें भांडवल. मुलगा हात धुवून परत येतो तों विमानाचा दांडा थरथर कांपत असतो. हा कंप म्हणजे यंत्रानें दिलेली शेवटची सूचना. तीहि न मानली तर दुसरें एक यंत्र दांडा आपण होऊन पुढें ढकलतें आणि नाक खालीं करूं पाहतें.

संगणकावर याचा परिणाम एवढाच कीं, खेळ पुन्हां आरंभापासून मांडावा लागतो. परंतु हाच प्रसंग एकदां खऱ्या आकाशांत घडलेला आहे. १४ ऑक्टोबर २००४ च्या रात्रीं अमेरिकेंतील पिनॅकल एअरलाइन्स या कंपनीचें एक सीआरजे-२०० विमान आर्कान्सा संस्थानांतील लिटल रॉक येथून मिनीॲपोलिस येथें रिकामें न्यावयाचें होतें. आंत उतारू कोणी नव्हते, दोघेच वैमानिक. उड्डाण ३३,००० फुटांवरून व्हावयाचें ठरलें होतें. त्या दोघांनीं मात्र ४१,००० फुटांवर जाण्याचें मनांत घेतलें. त्या कंपनीच्या कांहीं वैमानिकांत या आंकड्याचें एक वेड असून, तेथवर जाऊन आलेल्यांची जणूं मंडळीच झाली होती, असें पुढें चौकशींत निघालें. नियंत्रकानें विचारलें असतां, उतारू नसल्यामुळें थोडी मौज करावी म्हणून वर आलों, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें.

चढतांना ऑटोपायलटला मिनिटाला ५०० फूट हा दर सांगितलेला होता. ४१,००० फुटांवर विमान पोंचलें तेव्हां दर्शित वेग १६३ नॉट होता, म्हणजे ०.५७ माख. आपण वर काढलेला २०४ चा आंकडा वाचकांनीं येथें आठवावा. प्रत्यक्षांत तें विमान त्या क्षणीं ताशी सहाशें किलोमीटरांच्या आसपास धांवत होतें; तरी पंखांना तो वेग अपुरा होता. दांडा कांपूं लागला, पुढें ढकलला गेला. वैमानिकांनीं तो पुनःपुन्हां मागें ओढला. अखेर पंखांचा आधार सुटला, इंजिनांकडे जाणारा हवेचा प्रवाह विस्कळित झाला आणि दोन्ही इंजिनें विझलीं.

एवढ्यावरहि सर्व संपलें नव्हतें. विमान खालीं नेऊन दर्शित वेग ३०० नॉटांपर्यंत वाढविला, तर समोरच्या हवेच्या मारानें इंजिनाचें चक्र फिरून तें पुन्हां पेटूं शकतें. तो वेग त्यांनीं गांठला नाहीं. वेगाअभावीं इंजिनांच्या गाभ्याचें फिरणें थांबलें, आणि आंतील भाग कमीअधिक प्रमाणांत थंड होऊन ते जागच्या जागीं अडकून बसले. मग खालीं दाट हवेंत येऊन केलेले प्रयत्नहि फुकट गेले. नियंत्रकाला त्यांनीं प्रथम एकच इंजिन बंद पडल्याचें सांगितलें. दोन्ही गेल्याचें सांगितलें तें फार उशिरानें. तरंगत पोंचतां येईल अशा अंतरावर कित्येक विमानतळ होते, ते एकेक हातचे गेले. मिझूरी संस्थानांतील जेफर्सन सिटी या गांवीं, वस्तीच्या मागील बाजूस, तें विमान पडलें. जमिनीवर कोणास इजा झाली नाहीं. ते दोघे मात्र वांचले नाहींत.

अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें १९०० नव्हे तर अगदीं आपल्या काळांतील, म्हणजे जानेवारी २००७ मधील, आपल्या निर्णयांत मुख्य दोष वैमानिकांच्या बेजबाबदार वर्तनास दिला. परंतु त्याच निर्णयांत आणखी एक गोष्ट नमूद आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इंजिनाचा गाभा फिरता ठेवण्यासाठीं किमान वेग राखणें किती अगत्याचें आहे, हें विमानाच्या पुस्तकांनीं वैमानिकांना पुरेसें पटवून दिलें नव्हतें, असें मंडळानें म्हटलें. पुस्तकांत वरची रेघ ठळक होती, खालची पुसट होती. शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला या वाक्यापाशीं थांबावेंसें वाटतें. विद्यार्थ्यानें उन्मादानें चूक केली हें खरें. पण चुकीचें फळ काय येतें, हें त्याला आधीं कोणी नीट सांगितलें होतें काय, हा प्रश्नहि तितकाच खरा आहे.

सिम्युलेटरचें शिक्षणहि पूर्वीं या बाबतींत अपुरें होतें. स्टॉलचा धडा बहुधा कमी उंचीवर, आणि तोहि पहिल्या सूचनेपर्यंतच, देत असत; आणि उंची शक्य तितकी कमी गमावणें यास शाबासकी मिळे. दाट हवेंत इंजिनाला जोर असतो, म्हणून तेथें हें साधतें. उंचावर तो जोर शिल्लकच नसतो. तेथें नाक खालीं करून हजारों फूट उंची सोडावी लागते, तेव्हां कोठें वेग परत येतो. शिवाय जुन्या यंत्रांत पूर्ण स्टॉलनंतरचें वर्तन खऱ्या विमानासारखें नसे. पुढें १२ फेब्रुवारी २००९ रोजीं अमेरिकेंतच बफेलो शहराजवळ पंख्याच्या इंजिनांचें एक विमान पडून पन्नास माणसें दगावलीं. तेथेंहि दांडा कांपूं लागल्यावर तो पुढें न ढकलतां मागें ओढला गेला होता. त्यानंतर २०१० सालीं कायदा झाला, २०१३ सालीं नियम झाले, आणि २०१९ च्या मार्चपासून तेथील कंपन्यांच्या वैमानिकांना पूर्ण स्टॉल व त्यांतून सुटका हा धडा सिम्युलेटरमध्यें घेणें सक्तीचें झालें. त्याकरितां यंत्रेंहि सुधारावीं लागलीं.

रामायणांतील संपाति आणि जटायु या दोघां भावांची कथा वाचकांस ठाऊक आहेच. चढाओढीनें दोघेहि सूर्याकडे झेपावले. धाकटा जटायु तापानें व्याकुळ झाला, तेव्हां थोरल्यानें त्याच्यावर आपले पंख धरले. त्याचे पंख जळाले आणि तो विंध्य पर्वतावर पडला. ही कथा आपण उंचीच्या हव्यासाची म्हणून सांगतों. मला तींत दुसराहि अर्थ दिसतो. दोघे बरोबर असतां एकानें दुसऱ्याकडे पाहावयाचें असतें. विमानांत दोन वैमानिक बसवितात ते याच हेतूनें कीं, एकाच्या डोक्यांत उंची शिरली तर दुसऱ्याचे डोळे वेगाच्या कांट्यावर असावेत. त्या रात्रीं दोघांचेहि डोळे एकाच आंकड्यावर लागले होते.

आतां मुलांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. चढतांना ऑटोपायलटला दर सांगण्याऐवजीं वेग सांगावा. मग विमानाला झेपेल तितकेंच तें चढेल, आणि चढणें मंदावलें कीं आजची खरी मर्यादा कोणती तें आपोआप कळेल. ती ४१,००० नसून ३५,००० निघाली तर त्यांत कमीपणा नाहीं. दांडा कांपला तर प्रथम नाक खालीं. इंजिनाचा विचार मागाहून. आणि एकदां तरी मुद्दाम, समजूनउमजून, विमान उंचावर नेऊन वेग हरवूं द्यावा, व तो परत मिळवितांना किती हजार फूट गेले तें वहींत टिपून ठेवावें. लिंकनें लाकडी विमान केलें तें याचसाठीं कीं, जी चूक आकाशांत एकदांच करतां येते ती जमिनीवर हवी तितक्या वेळां करतां यावी.

वडील मंडळींनाहि एक विनंती आहे. मूल पडद्यापुढें बसलें कीं ‘किती उंच गेलास?’ असें आपण कौतुकानें विचारतों. तो प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याच्या जोडीला ‘आणि वेग किती उरला आहे?’ हेंहि विचारावें. आजीनें विचारलें तर फारच उत्तम. उत्तर देण्यासाठीं मुलाला कांट्याकडे पाहावें लागेल, आणि त्या कांट्याकडे पाहण्याची संवय लागावी एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे.